चार तारांचं ओझं

शिलाँगला नव्याने आलेल्या मराठी फौजीला पहिल्या महिन्यात दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक पाऊस, दुसरी गिटार. संध्याकाळी पोलीस बाजारात चक्कर मारा, कॉलेजच्या पोरापोरींच्या पाठीवर काळ्या पिशव्या दिसतील. त्यातल्या काही पिशव्या इतरांपेक्षा वीतभर लांब असतात. त्यांत साधी गिटार नसते, बास गिटार असते.

मी सिग्नलचा माणूस, गवई नव्हे. गावी भजनात टाळ धरायचो, एवढीच माझी संगीतातली पुंजी. पण या लांब पिशवीच्या मागे लागून जे वाचलं, ऐकलं आणि आमच्या बँडवाल्यांना खोदून खोदून विचारलं, त्यावरून माझं एक मत झालं आहे. या वाद्याचा इतिहास संगीताचा आहेच, पण त्याहून जास्त तो ओझ्याचा इतिहास आहे. काय उचलायचं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू कसं जायचं, आणि ज्याने उचललं त्याचं नाव कुठे लिहायचं. हे तिन्ही प्रश्न फौजेतल्या माणसाला नवीन नाहीत, म्हणून हा लेख या ब्लॉगवर.

आधी वाद्य समजून घेऊ. साध्या गिटारला सहा तारा, बासला बहुधा चार. गिटारच्या खालच्या चार तारांचेच सूर इथे असतात, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते, बासची ४१ वेळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे मेनमधून केबलमध्ये शिरणारी जी हम आम्हा सिग्नलवाल्यांना आयुष्यभर छळते, तिच्याही खाली बासची जाड तार बोलते. माणसाचा कान इतक्या खोल आवाजाला मुळातच मंद. तिथे काही ऐकू यायचं तर पुष्कळ जास्त हवा हलवावी लागते. पुढची सगळी कथा या एका अडचणीतून निघते.

आपल्याकडे खालच्या आवाजाचं काम तबल्याचा डग्गा करतो, तानपुऱ्याची खर्जाची तार करते. पण तानपुऱ्याची तार आपली जागा सोडत नाही. लावली की लावली. पाश्चात्त्य गाण्यातला बास मात्र चालतो. वर गायक एका वाटेने जातो, खालून बास दुसऱ्या वाटेने, आणि ठरलेल्या ठिकाणी दोघं भेटतात. आपल्या मराठी कानाला हे पटकन समजत नाही. वारीत हजार माणसं अभंग म्हणतात ती एकाच चालीत. इकडे खासी टेकड्यांत तसं नाही. १८४१ मध्ये वेल्सहून थॉमस जोन्स हा मिशनरी सोहराला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला आला. त्याने खासी भाषा रोमन लिपीत आणली हे सगळे सांगतात. पण वेल्श मंडळींबरोबर चार आवाजांत प्रार्थना गाण्याची रीतही या डोंगरांत रुजली, त्याचं मोल मला इथे राहिल्यावर कळलं. रविवारी चर्चबाहेर उभं राहून ऐका. बायकांचे दोन आवाज, पुरुषांचे दोन, आणि सगळ्यात खालचा आवाज आपल्या स्वतंत्र वाटेने चाललेला. जे पोर लहानपणापासून बापाच्या गळ्यातून ती खालची वाट ऐकत आलं आहे, त्याला बास गिटार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९७२ पासून दर २४ मे रोजी लू माजॉ या गावात बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करत आला, त्यालाही जमीन आधीपासून नांगरलेली होती.

आता अमेरिकेत जाऊ, कारण वाद्य तिथलं आहे.

१९२० ते १९४० या काळात नाचगाण्याच्या वाद्यवृंदात खालचा आवाज द्यायला दोन वाद्यं होती. एक ट्यूबा, जे आपल्या ब्रास बँडमध्येही असतं. दुसरं डबल बास, म्हणजे माणसाएवढं उंच, उभं राहून वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं वाद्य. त्याची पोकळ लाकडी पेटी नाजूक. गाव बदलायचं तर ते मोटारीच्या टपावर बांधून न्यायचं. पावसात भिजलं की शिवण सुटते, धक्का लागला की मान मोडते. आणि एवढं करून नेलं तरी ऐकू कुठे यायचं? शेजारी ट्रम्पेट, ड्रम, आणि १९३० च्या दशकात विजेवर वाजणारी गिटारही आलेली. डबल बासवाला बोटं सोलवटेपर्यंत तार ओढायचा, आणि श्रोत्यांना तो फक्त दिसायचा.

पहिला उपाय सिएटलच्या पॉल टुटमार्कने काढला. १९३६ च्या सुमाराला त्याने ऑडिओव्हॉक्स ७३६ नावाचं वाद्य बनवलं: आडवं धरायचं, भरीव लाकडाचं, पडदे असलेलं, विजेवर वाजणारं. आजच्या बास गिटारची सगळी लक्षणं त्यात आहेत. शंभरेक नग बनले आणि विषय संपला. माझ्या मते कल्पना बरोबर होती, पण मागचं सप्लाय कॉलम नव्हतं. असा खोल आवाज पेलणारा ॲम्प्लिफायर हवा, दुकानं हवीत, दुरुस्ती हवी. एकटं चांगलं हत्यार लढाई जिंकत नाही.

ते सगळं जमवलं लिओ फेंडरने. १९०९ चा जन्म, लहानपणी एक डोळा गेलेला, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती! वाजवणारे त्याच्या दुकानात बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन यायचे, तो ऐकायचा, काय मोडतं ते बघायचा. त्यामुळे त्याने जे बनवलं ते कारागिराच्या नजरेने कमी आणि मेकॅनिकच्या नजरेने जास्त. मान पेटीला डिंकाने चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी बसवायची. मान वाकली, मोडली, की चार स्क्रू काढा, दुसरी लावा. आवाज उचलणारं पिकअप बिघडलं तर पत्रा उघडा, दोन टाके घाला. आमच्या ईएमईच्या वर्कशॉपमधल्या कुणाही कारागिराला ही रचना एका नजरेत कळेल. मला वाटतं, हे वाद्य जगभर पसरलं त्याचं निम्मं श्रेय आवाजाला आणि निम्मं या स्क्रूंना आहे.

१९५१ च्या शेवटी हे वाद्य बाजारात आलं. नाव प्रिसिजन बास. डबल बासच्या मानेवर पडदे नसतात, सूर बोटाच्या अंदाजाने धरावा लागतो. इथे सतारीसारखे पडदे, त्यामुळे सूर अचूक. नाव त्यावरूनच. तारेची लांबी प्रयोग करून ३४ इंच ठरवली. डबल बासची चाळिशीच्या पुढे, साध्या गिटारची पंचवीसच्या आसपास. ही ३४ इंचांची लांबी आजही बहुतेक बासना तशीच आहे. वजन चारेक किलो, म्हणजे आपल्या इन्सास रायफलीएवढं, आणि रायफलीसारखंच पट्ट्याने खांद्याला. टपावर बांधायची गरज संपली.

लोकांनी काय म्हटलं? १९५२ मध्ये लायनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदाबद्दल डाउनबीट मासिकात लेनर्ड फेदर या समीक्षकाने लिहिलं. त्याचा आशय असा की मंचावर बासवाला कुठे दिसत नाही, पण बास तर ऐकू येतोय, हा काय प्रकार. मग लक्षात आलं, गिटारसारखं काहीतरी धरून एक जण बसला आहे, तोच तो. या वाद्याच्या पहिल्या परीक्षणांपैकी हे एक. गंमत म्हणजे आधी बासवाला दिसायचा पण ऐकू यायचा नाही. आता ऐकू येऊ लागला आणि दिसेनासा झाला. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेतल्या स्टुडिओंत कुठल्याही कंपनीच्या बास गिटारला लोक सरसकट फेंडर बासच म्हणत, जसं आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की ओझं संपलं. उलट, खरं ओझं आता सुरू झालं.

वाद्य हलकं झालं, पण त्याचा आवाज आता पेटीतून येत नव्हता, ॲम्प्लिफायरमधून येत होता. फेंडरने १९५२ मध्ये बाससाठी खास ॲम्प्लिफायर काढला, नाव बासमन. आत १५ इंची एक स्पीकर. ऑर्केस्ट्रा मोठा झाला की तो ॲम्प्लिफायर गुरगुरायचा, आवाज फाटायचा. मग १० इंची चार स्पीकर घालून बघितले. बासवाल्यांची तक्रार पूर्ण मिटली नाही, पण गिटारवाल्यांना तोच फाटका आवाज आवडला! लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ च्या सुमाराला याच बासमनच्या सर्किटवरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला. ज्या मार्शलच्या काळ्या भिंती रॉकच्या प्रत्येक फोटोत दिसतात, त्यांचं मूळ असं एका बासच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे. बासवाल्यासाठी आणलेली रसद पुढच्या फळीने उचलून नेली, हा प्रकारही आपल्याला अनोळखी नाही.

दुसरीकडे ॲम्पेग नावाची कंपनी होती. तिचा मालक एव्हरेट हल स्वतः डबल बास वाजवायचा. डबल बास जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, त्या खुंटीतून मायक्रोफोन आत सोडायची युक्ती त्याने १९४६ च्या सुमाराला केली. ॲम्प्लिफायर आणि खुंटीचा पेग, मिळून ॲम्पेग. याच कंपनीने १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्याच्या वेळी एसव्हीटी नावाचा राक्षस काढला. ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, आणि खाली १० इंची आठ स्पीकरांचं खोकं. व्हॉल्व्हचे रेडिओ सेट ज्यांनी उचलले आहेत त्या जुन्या सिग्नलवाल्यांना सांगायला नको की आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मर काय वजनाचा असेल. वरचा ॲम्प्लिफायर ३५ किलोंच्या पुढे, खालचं खोकं ६० किलोंच्या वर. टपावरचा डबल बास दहा किलोंचा होता. तो नको म्हणून चार किलोंचं वाद्य आणलं, आणि ते ऐकू यावं म्हणून शंभर किलोंचा संसार ट्रकमध्ये चढवला. हवा हलवायची तर कुणाला तरी वजन उचलावं लागतंच. त्यातून सुटका अलीकडे झाली. स्विचिंग पद्धतीचे डिजिटल म्हणवणारे ॲम्प्लिफायर आणि निओडिमियमची हलकी चुंबकं आल्यावर पाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर तीन किलोंच्या आत बसू लागला. माझ्या हिशेबाने १९५१ नंतरची सर्वांत मोठी सुधारणा हीच. चर्चा मात्र लोक लाकडाच्या जातीची करतात.

लाकूड, तारा, जुनं साल. या वाद्याच्या शौकिनांचे वाद या तीन गोष्टींवर अखंड चालतात. जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपली कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि त्याआधीची वाद्यं सोनं, नंतरची पितळ, असा एक समज पसरला. त्यात थोडं तथ्य आहे, पुष्कळशी श्रद्धा. या वादात एका माणसाची साक्ष काढावीशी वाटते.

जेम्स जेमर्सन. जन्म १९३६, साउथ कॅरोलिनाच्या एडिस्टो बेटावर. डेट्रॉइटला मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी होती. एका साध्या घराच्या खालच्या भागात तिचा स्टुडिओ, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या घराघरांत वाजलेली असंख्य गाणी तिथे निघाली. त्यातल्या बहुतेकांत बास जेमर्सनचा. त्याच्याकडे १९६२ ची प्रिसिजन बास होती. तारा जाड, गुळगुळीत वळणाच्या. तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत हा त्याचा नियम. त्यामुळे त्या घामाने, धुळीने मेलेल्या असायच्या. तो मूळचा डबल बासवाला, उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तार छेडायचा. आणि आवाज ॲम्प्लिफायरच्या भिंतींतून न जाता सरळ मिक्सरमध्ये. म्हणजे आजच्या कुठल्याही सामानाच्या यादीप्रमाणे त्याचा किट नापास. तरी ते गाणं सुरू झालं की आधी पाय हलतो, मग शब्द ऐकू येतात, आणि पाय हलवणारा तो एकटा असतो.

त्याचं नाव मात्र तबकडीवर नव्हतं. मोटाउन वादकांची नावं छापत नसे. १९७१ मध्ये मार्विन गेच्या एका तबकडीवर ती पहिल्यांदा नीट छापली गेली, तोवर बहार ओसरली होती. पुढच्या वर्षी कंपनीने लॉस एंजेलिसला बस्तान हलवलं. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा झगमगाटी कार्यक्रम झाला तेव्हा जेमर्सनला आमंत्रण नव्हतं. तो तिकीट काढून मागे प्रेक्षकांत बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. ती १९६२ ची बास त्याआधी थोडेच दिवस चोरीला गेली होती, आजवर सापडलेली नाही. पॉल मॅकार्टनीची, १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेली आणि १९७२ मध्ये लंडनला चोरीला गेलेली हॉफनर बास मात्र माग काढणाऱ्यांनी शोधली, आणि २०२४ मध्ये ती त्याला परत मिळाल्याचं जाहीर झालं. आनंदच आहे. पण शोध कुणाच्या वाद्याचा घेतला जातो, हेही दिसतं.

तारांचं म्हणाल तर मेलेल्या तारांविरुद्धची बाजूही तितकीच खरी. इंग्लंडच्या द हू या बँडचा जॉन एन्टविसल याला घंटेसारखा खणखणीत आवाज हवा होता, आणि रोटोसाउंड कंपनीबरोबर १९६० च्या दशकात त्याने खरबरीत वळणाच्या तारांवर काम केलं. आज बहुतेक बासवर त्याच जातीच्या तारा असतात. जॅको पास्टोरियसने तर १९६२ च्या जॅझ बासचे पडदेच उपटले, खाचा भरल्या, वर इपॉक्सीचा थर दिला, आणि लिओ फेंडरने मोठ्या कष्टाने दिलेली अचूकता सोडून पुन्हा बोटाच्या अंदाजावर सूर धरला. १९७६ ची त्याची पहिली तबकडी ऐका. मीडसुद्धा घेता येते त्या वाद्यातून, हे तेव्हा लोकांना कळलं.

आता आपल्या घराकडे येतो.

हिंदी चित्रपटसंगीतात खालचा आवाज आधी डबल बास आणि चेलोचा होता, आणि ते वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी झाली की पोटासाठी बाहेर पडत: संस्थानांचे बँड, ब्रिटिश पलटणींचे बँड, जहाजं, कोलकाता-मुंबईची हॉटेलं, आणि बोलपट आल्यावर स्टुडिओ. फौजी बँड आणि मुंबईचा स्टुडिओ यांचं नातं असं जुनं आहे. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही नावं आता अभ्यासकांमुळे थोडी तरी माहीत झाली. अँथनी गोन्साल्विस हे नाव तर एका सिनेमातल्या गाण्यामुळे देशभर पोचलं, पण ते एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आणि प्यारेलाल यांच्या गुरूचं नाव आहे हे गाणं म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं?

बास गिटार आली तेव्हा राहुलदेव बर्मन यांच्या चमूत ती टोनी वाझ यांच्या हातात होती, तीही वर्षानुवर्षं. पंचमची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकून बघा, खालून कुणीतरी गाण्याला हळूच ढकलत असतो. पडद्यावर नाव संगीतकाराचं, फार तर सहायकांचं. वादक म्हणजे दिवसाच्या पैशांवर काम करणारा माणूस.

आणि आता आपल्याबद्दल. चौकीवर बसून विविध भारतीची जयमाला ऐकलेले या ब्लॉगवर शेकड्यांनी आहेत. आपल्या हातात काय असायचं? सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर, आत तीन इंची स्पीकर. तेवढा स्पीकर बासचे खालचे सूर काढूच शकत नाही, तेवढी हवा हलवायची त्याची ताकद नाही. कान वरच्या उपसुरांवरून खालचा सूर असावा असा अंदाज बांधतो, एवढंच. म्हणजे ज्या गाण्यांनी आपल्या रात्री काढल्या, त्यांतला खालचा माणूस आपण खऱ्या अर्थाने कधी ऐकलाच नाही. माझ्या मुलीने हेडफोन घेऊन दिला तेव्हा मी सत्तरच्या दशकातली ओळखीची गाणी पुन्हा लावली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो. घरात एक माणूस इतकी वर्षं राहत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं काहीसं वाटलं.

स्टुडिओबाहेर मात्र सामानाची मारामार होती. परदेशी वाद्यावर आयात शुल्क जबर, परवाने कठीण. १९७० च्या सुमाराला एका सिगारेटच्या नावाने सिमला बीट ही बँडांची देशव्यापी स्पर्धा भरायची, तिच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्या निघाल्या. त्या ऐकताना लक्षात येतं की पोरं चांगली होती, सामान रडकं होतं. कोलकात्याच्या कारखान्यांत बनलेल्या गिटारी देशभर जायच्या. ॲम्प्लिफायर म्हणजे बहुधा लग्नसभेचा.

फौजेत तर ते फार उशिरापर्यंत चाललं. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण आपल्या पलटणीच्या ब्रास बँडमधलेच काही जण संध्याकाळी मेसमध्ये जाझ बँड म्हणून बसतात. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकून आलेली ही माणसं. सकाळी परेडला खांद्यावरून वेढा घेतलेला पितळी सुझाफोन फुंकायचा, संध्याकाळी बास गिटार घ्यायची. आमच्या एका युनिटमध्ये असा एक गढवाली हवालदार होता. मी त्याला विचारलं, दोन्ही कसं जमतं? तो म्हणाला, "साब, काम तो एक ही है. वहाँ साँस जाती है, यहाँ उँगली." मार्चमध्ये सुझाफोन जिथे सूर टाकतो तिथेच बास ड्रमचा ठोका आणि तिथेच जवानाचा डावा पाय. बासची जागा त्याच्या अंगात परेड ग्राउंडवरच मुरलेली होती.

एका बडाखान्याला ऐनवेळी गिटारांचा ॲम्प्लिफायर आला नाही, आणि बासही घोषणांच्या सेटलाच जोडली गेली. माणसाच्या बोलण्यासाठी केलेला तो स्पीकर. त्याच्या कागदी कोनला एवढं मागेपुढे व्हायची सवय नाही. तिसऱ्या गाण्याला आधी कागद फडफडल्यासारखा आवाज, मग टरकन फाटला. सीओ साहेबांचं भाषण राहिलं होतं. हवालदाराने शांतपणे बास खाली ठेवली, बाहेर जाऊन सुझाफोन घेऊन आला, आणि उरलेली सगळी सिनेमाची गाणी त्यावर फुंकली. इतका टाळ्यांचा कडकडाट त्या मेसमध्ये मी पुन्हा ऐकला नाही. त्याच्या सेवापुस्तकात या कामाची नोंद कुठल्या रकान्यात जाईल हे मला अजून सुचलेलं नाही.

आज चित्र बदललं आहे. इंडियन ओशनचा राहुल राम १९९१ पासून बास वाजवतो आणि गातोही. हा माणूस नर्मदा आंदोलनात होता, म्हणजे आपल्या नंदुरबारकडचं खोरं त्याला परकं नाही. त्याची बास कॉर्डांच्या मागे धावत नाही, तबल्याच्या डग्ग्याशी जोडी जमवते. मला वाटतं, आपल्या सुरावटीत या वाद्याला जागा कुठे, याचं हे एक सरळ उत्तर आहे. मुंबईची मोहिनी डे १९९६ ची. वडीलही बासवादक. ती दाक्षिणात्य कोन्नकोलचे बोल तोंडाने म्हणत तेच बासवर काढते, रहमानबरोबर वाजवलं, स्टीव्ह वायबरोबरही. तिच्या नावाची पाटी मोठी असते आणि लोक तिलाच बघायला येतात. जेमर्सनपासून इथवर यायला एवढा काळ लागला.

निवृत्त मंडळींचे निरोप येतात, नातवाला बास हवी आहे, कुठली घेऊ. कंपनी मी सांगणार नाही. पट्टा लावून पोराला पंधरा मिनिटं उभं करा. खांदा दुखला तर ती बास त्याची नाही. लहान चणीच्या मुलाला ३४ ऐवजी ३० इंची तार चालते, तिला कुणी कमी लेखत असेल तर मॅकार्टनीची हॉफनर त्याच लांबीची आहे असं सांगा. ॲम्प्लिफायरला पैसे कमी पडत असतील तर आधी चांगला हेडफोन घ्या, शेजारीही सुखी. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरला किंवा घरातल्या स्पीकरला बास मोठ्याने लावू नका, कारण वर सांगितलंच आहे.

आणि बदलीवाल्यांसाठी एक खास सूचना. शिलाँगच्या ओलीतून वाद्य जैसलमेरच्या कोरडीत नेलं की लाकूड आकसतं आणि मान वाकते. तारा पडद्यांवर खुळखुळू लागल्या किंवा हातभर उंच वाटू लागल्या तर दुकानदार नवी बास विकायला बघेल. घाई करू नका. मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिचं तोंड एका टोकाला सापडतं. ॲलन की घ्या, पाव फेरा द्या, जास्त नाही. रात्रभर तसंच ठेवा, लाकूड सावकाश बसतं. सकाळी सूर लावून पुन्हा बघा.